मनी, तुझ्या मालकिणीला सांग

लग्न होऊन मी बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या घरात आले तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका, एक पितळी घागर आणि एक मांजर आलं. ट्रंका आणि घागर सगळ्याच पोरी आणतात. मांजर आणलेलं कोणी बघितलं नव्हतं, म्हणून पुढचे सहा महिने गल्लीत मला ‘मांजरवाली सून’ म्हणत. म्हणेनात का. माझं माहेर जवळच, जसोंडीला. तिथल्या केळीच्या बागेत ती सापडली तेव्हा तळहाताएवढी होती आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून मी तिला वाढवलं होतं. पाठवणीच्या वेळी ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. मी तिला उतरवलं नाही, एवढाच माझा गुन्हा. तिला वेगळं नाव नव्हतं. मांजरीला सगळे मनी म्हणतात, तसं मनी.

आता सासरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं, पद्धतच तशी. मामंजी तहसील कचेरीत बडे बाबू होते. बाहेरून आले की उंबऱ्याबाहेर खाकरत, की मी डोक्यावर पदर ओढून आत सरके. त्यांना पाणी हवं असलं की ते सासूबाईंना म्हणत, तिला सांग पाणी दे. मी तिथेच चार हातांवर उभी. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणत, पाणी दे. मी तांब्या सासूबाईंच्या हातात देई, त्या मामंजींच्या हातात देत. लग्नाला सव्वा वर्ष झालं तरी आमच्या दोघांत एक शब्द सरळ गेला नव्हता. मला हा सगळा खुळचटपणा वाटे. मी मुळात तोंडाळ, गप्प बसायचं म्हटलं की माझं पोट दुखतं. आणि नवरा म्हणाल तर तो नेपानगरला कागदाच्या कारखान्यात, रविवारी तेवढा घरी. मग बोलायचं कोणाशी, तर मनीशी.

त्या दिवाळीच्या तोंडावर नवा प्रांत झाला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नागपूरचे आमचे नातेवाईक बसल्या जागी परप्रांतातले झाले, आणि कचेरीत तर सगळी धांदल. मी बारा दिवसांसाठी माहेरी निघाले. मनीला टोपलीत घालून दारात आले तर समोरच्या ओट्यावरच्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, हुंडा परत नेतेस का गं? माझं डोकं सटकलं. माझं डोकं सटकलं की मी दुसऱ्याचं काही करत नाही, स्वतःचंच नुकसान करून घेते. टोपली उघडली, मनीला खाली सोडलं आणि म्हटलं, राहा इथंच. टांगा निघाला तशी ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे आली. मी बघितलं आणि तोंड फिरवून बसले.

बारा दिवसांनी परत आले तर ती धान्याच्या कोठीखाली पडलेली. माझ्या आवाजानं उठली, दोन पावलं आली आणि बसली. दूध-पोळी खाऊन गोल गरगरीत झालेली माझी मांजर. आता पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. मी तिला उचलून अंगणात उन्हात आणलं, कान उलटा करून बघितला. कानाची आतली बाजू पिवळी. हिरड्या पिवळ्या. डोळ्यांच्या कडा पिवळ्या. मी तिथेच फतकल मारून बसले आणि रडले. लाज कसली त्यात.

कावीळ म्हटल्यावर आमच्या घरात कोणाकडे जायचा प्रश्नच नव्हता, कारण कावीळ झालेली माणसंच आमच्याकडे येत. सासूबाई काविळीची माळ देत असत. एका वेलीच्या मुळीचे बारीक तुकडे त्या कच्च्या सुतात गाठी मारून ओवत, टोपीच्या काठाएवढी छोटी माळ करून रोग्याच्या डोक्यावर ठेवत. माळ दिवसागणिक वाढत जाई, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, आणि पोटाखाली उतरली की कावीळ उतरली. बरोबर कडक पथ्य. तेल, तूप, दूध, हळद बंद. उसाचा रस, ताकभात, मुळ्याचा पाला आणि फुटाणे. यावर सिंधीपुऱ्यातली कितीतरी माणसं उठून कामाला लागली होती, मीही माझ्या डोळ्यांनी बघितली होती. सासूबाईंनी मनीचे डोळे पाहिले, तिच्या मापाची माळ ओवली आणि दोन कानांच्या मधे ठेवली. त्याच दिवशी तिचं दूधही बंद झालं.

आज हसू येतं, पण तेव्हा आम्ही दोघी बायका अगदी मनापासून त्या मांजरीला काविळीचं पथ्य पाळायला लावत होतो. वाटीत ताकभात, वाटीत उसाचा रस. फुटाण्यांची पूड करून बोटानं तिच्या टाळूला लावायचा प्रयत्नही झाला. ती लाळ गाळायची आणि मान फिरवायची. मी सासूबाईंना म्हटलं की ती काहीच खात नाही. त्या म्हणाल्या, काविळीत तोंडाला चव नसतेच, माळ बघ कशी वाढतेय. आणि खरंच माळ वाढत होती. तिसऱ्या दिवशी गळ्यात आली, पाचव्या दिवशी छातीवर. आम्ही रोज सकाळी माळ बघायचो आणि समाधान मानायचो. मांजरीकडे कोणी बघतच नव्हतं म्हणा ना.

बघत होते ते मामंजी. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासत आलेला, शंभर ओळींत एक काना चुकला तर त्याच्या डोळ्याला टोचणार. एका संध्याकाळी माळ मनीच्या गळ्यातून निसटून अंगणात पडली. त्यांनी ती उचलून खुंटीला अडकवली आणि कोणालाच सांगितलं नाही. सकाळी बघितलं तर माळ खुंटीवरही बोटभर वाढलेली. ओल्या मुळ्या वाळतात, आकसतात, गाठी सैल होतात आणि सूत सुटत जातं. खुंटीला काही कावीळ झालेली नव्हती.

हे मला फार पुढे कळलं, त्यांनीच सांगितलं तेव्हा. दुसरा कोणी असता तर बायकोला हाक मारून माळ दाखवली असती आणि हसला असता. निदान मी तरी तेच केलं असतं. मामंजींनी माळ मुकाट्यानं परत मनीच्या गळ्यात घातली. मग सासूबाईंना म्हणाले, तुझी माळ तिचं काम करतेच आहे. पण कावीळ उतरून गेल्यावर तिच्या जागी अंगात काही भरायला नको का? सासूबाई म्हणाल्या, हो, ते खरं. त्या दिवशी त्यांनी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नोकरीत लागल्यापासूनची त्यांची ती कितवी रजा, ते हाताच्या बोटांवर सांगता आलं असतं. मनीला टोपलीत घालून, वर उपरणं बांधून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथे रीवाकडून नुकतेच बदलून आलेले एक डॉक्टर होते. प्रांत एक झाला तशी कुठली कुठली माणसं कुठे कुठे येऊन पडली होती. त्यांची हिंदी आमच्याकडच्या हिंदीहून अगदी निराळी, ऐकणाऱ्याला कान टवकारून ऐकावं लागे. ते म्हणाले की मी बैल, म्हशी, घोडे बघतो, मांजर आजवर भिंतीवरच बघितलंय. तरी त्यांनी मनीला टेबलावर ठेवून नीट तपासलं, पोट दाबून काळीज, म्हणजे यकृत, सुजलंय म्हणाले. काय खायला घालता ते विचारलं. मामंजींनी सगळं सांगितलं, फुटाण्यांसकट. डॉक्टर त्यांच्याकडे बघून म्हणाले, “बाबूजी, ये पीलिया से नहीं, भूख से मरेगी.”

मामंजींनी ते घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, म्हणजे मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. मांजर हे मांस खाणारं जनावर. उपाशी राहिली म्हणून काळीज बिघडलं आणि काळीज बिघडलं म्हणून खाणं सुटलं. आता तिला भूक लागायची वाट बघायची नाही. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं, मासळीचं पाणी आणि शिजवून कुसकरलेली मासळी जबरदस्तीनं पोटात घालायची. महिना लागेल, दोन महिने लागतील. जगेल याची खात्री नाही.

मासळी हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही. सासूबाई उठून आत गेल्या आणि देवघराचं दार ओढून घेतलं. मला वाटलं, संपलं. मी मनीला मांडीवर घेऊन मागच्या परसात बसून राहिले. तिला सोडून मी गेले, ती उपाशी राहिली, आणि आता मलाच तिला मरताना बघायचंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी धोतर, काळा कोट, टोपी अशा कचेरीच्या वेषात तापीच्या राजघाटावर गेले. अंतर पाव कोससुद्धा नाही, पण त्या वाटेवर त्यांना नमस्कार करणारी पन्नास माणसं. एका भोईणीपुढे उकिडवे बसून त्यांनी तिला सगळं विचारून घेतलं, कसली मासळी, किती उकळायची, काटे कसे काढायचे. ती बिचारी घाबरली असेल, बडे बाबू काय चौकशी करतायत म्हणून. घरी येऊन त्यांनी परसात तीन विटा मांडल्या, मडकं चढवलं, तोंडाला उपरणं बांधलं आणि जन्मात कधी चहासुद्धा न केलेला तो माणूस मासे शिजवायला बसला. वास सहन होईना तेव्हा उठून भिंतीपाशी जाऊन यायचे आणि पुन्हा बसायचे. काटे बोटांनी एकेक काढले, लगदा फडक्यातून गाळला. मग विहिरीवर डोक्यावरून दोन बादल्या ओतल्या आणि पूजेला गेले. हे त्यांनी पुढचे आठ आठवडे रोज केलं.

आणि मग अडचण आली. आजारी असली तरी मांजर ती मांजर, एका माणसाच्या हातात राहीना. तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून एकानं मान वर धरायची आणि दुसऱ्यानं तोंडाच्या कडेनं पाजायचं. सासूबाईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, त्यांना धरवत नसे, आणि मासळीच्या जवळ त्या येणारही नव्हत्या. नवरा नेपानगरला. उरलो कोण, तर मामंजी आणि मी. मी डोक्यावर पदर घेऊन मनीला मांडीत धरून बसले. ते समोर पाट घेऊन बसले. मी तिची मान फार मागे ओढत होते, पाणी श्वासात गेलं असतं. त्यांना ते दिसत होतं. बोलायचं कसं? सासूबाई आत. त्यांनी खाकरून घेतलं, मनीच्या तोंडाकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “मनी, तुझ्या मालकिणीला सांग, मान थोडी खाली घे.”

मी मान खाली घेतली. हसू असं दाटून आलं होतं की पदरात तोंड खुपसावं लागलं. पण मीही काही कमी नव्हते. पहिलं पाजून झाल्यावर मी म्हटलं, मनी, मामंजींना सांग, चमचा दाताला लागतोय. त्यांनी चमचा तिरका केला.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. सगळं मनीमार्फत. मनी, हिला सांग आज पाणी जरा कोमट हवं. मनी, मामंजींना सांग की सकाळचं उलटून पडलं. मनी, तुझ्या मालकिणीनं सकाळपासून खाल्लं का विचार. सव्वा वर्षात जेवढे शब्द झाले नव्हते तेवढे एका आठवड्यात झाले. मला कळलं की या माणसाला विनोद येतो. कचेरीत नव्या प्रांताचे नवे फॉर्म आले होते, कोणालाच भरता येत नव्हते. त्यांच्या गमती ते मनीला सांगत आणि मी ऐके. मला हेही कळलं की त्यांना मी केलेली आमटी आवडते, ते सासूबाईंनी मला कधी कळू दिलं नव्हतं.

चमच्यानं मात्र निभत नव्हतं. अर्धं बाहेर सांडे, कधी ठसका लागे. चौथ्या की पाचव्या दिवशी तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. मी घाबरून ओरडले. सासूबाई आतून आल्या, परसाच्या उंबऱ्यात उभ्या राहून सगळं बघितलं आणि परत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. आल्या तेव्हा हातात चांदीचं बोंडलं होतं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, लांब चोचीचं. त्यांनी त्यानं आपली तिन्ही मुलं वाढवली होती, माझ्या नवऱ्यासकट. आणि आता ते माझ्यासाठी ठेवलं होतं, माझ्या बाळासाठी. मला तेव्हा दिवसही गेले नव्हते आणि त्यावरून गल्लीत कुजबुज चालू होती, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी नको नको म्हणू लागले. त्यात मासळी गेल्यावर ते घरात परत घेता येणार नव्हतं.

“धर,” सासूबाई म्हणाल्या. “बाळासाठी नवं आणू. हिच्यासाठी कोण आणणार?”

मी त्या बाईला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली होती. ती सगळी त्या दिवशी परत घेतली. म्हणजे बरीचशी.

सहा वेळा पाजायचं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. मामंजी पहाटे उठून घाटावर, मग चूल, मग आंघोळ आणि पूजा, मग पहिलं पाजणं. कचेरीत जाण्याआधी दुसरं. दुपारी जेवायला घरी येत, तेव्हा आधी मनीचं, मग स्वतःचं. मधलं एक मी एकटीनं कसंबसं करायची. संध्याकाळी आल्यावर कोट खुंटीला लावायच्या आधी एक, दिवेलागणीला शेवटचं. एकदा तिनं त्यांच्या कोटावरच ओकलं. दुसरा कोट धोब्याकडे. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला आणि तसेच कचेरीत गेले. गावात झालंच, बडे बाबू मासे खायला लागले. कोणी समोर विचारलं तर ते म्हणत, हो, घरात एक जण खातं. रविवारी नवरा आला की दारातूनच नाक धरून ओरडे, हे घर आहे की मासळी बाजार? पण मग बाह्या वर सारून विटा नीट मांडून देई आणि मनीच्या डोक्यावर बोट फिरवून विचारी, काय बाईसाहेब, माझं बोंडलं कसं वाटतंय?

तिसऱ्या आठवड्यात ती जास्तच खालावली. दोन दिवस पोटात काही टिकलं नाही. अंग गार पडलं, मान माझ्या हातात टाकून दिलेली. मामंजी बोंडलं घेऊन समोर बसले आणि मला ते सहन होईना. आपण हिला वाचवत नाही आहोत, आपण हिचे हाल करतोय, असं वाटलं आणि माझा तोल गेला. पदर डोक्यावरून घसरला होता, तो सावरायचंही भान नव्हतं. मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “पुरे करा आता. मरू द्या तिला.”

बोलून गेले तेव्हा कळलं. सासऱ्यांशी सरळ बोलले, तेही असं. आत सासूबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मामंजींनी बोंडलं खाली ठेवलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मनीकडे बघत, रोजच्याच आवाजात म्हणाले, “मनी, तुझ्या मालकिणीला सांग, आणखी चार दिवस. मग ती म्हणेल तसं.”

मी पदर सावरला. मान वर धरली. त्यांनी एक घोट पाजला आणि थांबले. मग पुन्हा एक घोट. त्या दिवसापासून सहाच्या ऐवजी दहा वेळा, पण दोन-दोन घोटच. कचेरीतून ते मधेच उठून येऊ लागले. साहेबांना काय सांगत होते देव जाणे. तिसऱ्या दिवशी पोटात टिकलं. चौथ्या दिवशी तिनं माझ्या हाताला नख मारलं. मला इतका आनंद झाला की ते रक्त मी सगळ्यांना दाखवत फिरले. माळ तोवर शेपटीपर्यंत पोचली होती. सासूबाईंनी ती काढून तापीत सोडली आणि गल्लीत सांगितलं की उतरली कावीळ. कोणी विचारलं तर मामंजी मान डोलावत.

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. मामंजी सकाळी परसात मासळीचे काटे काढत बसले होते, मी बोंडलं धूत होते. मनी कोठीखालून निघाली. पाय अजून वाकडे पडत होते. ती हळूहळू त्यांच्यापाशी गेली, थाळीला नाक लावलं. मामंजींचा हात तसाच हवेत राहिला. तिनं एक तुकडा उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. आम्ही दोघंही हललो नाही. थाळी चाटूनपुसून झाल्यावर ती भिंतीपाशी उन्हात जाऊन अंग चाटायला लागली. मामंजींनी तोंडावरचं उपरणं खाली ओढलं, त्यानंच डोळे पुसले, आणि ते मासळीच्या हातानंच झालं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी त्यांनी पूजेआधी दोनच्या ऐवजी चार बादल्या घेतल्या.

मनी बरी झाली तसं पाजणं संपलं आणि मला काळजी वाटायला लागली की आता बोलणंही संपणार. पण मामंजींना सवय झाली होती. संध्याकाळी ते मागच्या ओट्यावर बसत, मनीला मांडीवर घेत आणि मी उंबऱ्यात भाजी निवडत बसे. मनी, हिला सांग आज भोपाळहून अमुक हुकूम आला. मनी, मामंजींना सांग आमटीत मीठ जास्त झालंय. सासूबाई ऐकत आणि कपाळावर हात मारत.

असेच एकदा बसलो होतो. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मामंजी बराच वेळ मनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, मनी, तुझ्या मालकिणीला सांग की त्या दिवाळीत... एवढ्यात भिंतीवर चिमणी बसली. मनीनं कान टवकारले, त्यांच्या मांडीवरून उडी मारली आणि भिंतीकडे सुटली. चार पाय सरळ पडत होते, पोट पुन्हा भरलेलं होतं. तिला आमच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

मामंजींची मांडी रिकामी राहिली. वाक्य अर्धं राहिलं. त्यांनी मनीच्या पाठीकडे बघितलं, देवळाच्या वाटेकडे बघितलं. मला वाटलं, आता गप्प बसतील. त्यांनी खाकरून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. सव्वा वर्षावर आणखी तीन महिने होऊन गेले होते आणि पहिल्यांदा ते माझ्याकडे बघत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “तू गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिची वाटी भरलेलीच राहायची. मी रोज बघत होतो. जसोंडी काय लांब आहे? एक निरोप धाडला असता तर तू आली असतीस. सुनेला मांजराचा निरोप काय धाडायचा म्हणून गप्प राहिलो. अकरा दिवस. तू तीन महिने स्वतःला बोल लावतेयस, ते मला दिसतंय. चूक माझी होती.”

मी मेथी खाली ठेवली. इतके दिवस मी या माणसाची वाहवा करत होते, घाटावरच्या फेऱ्यांची, त्या कोटाची, त्या धीराची. आणि त्यांनी हे ओझं पोटात घेऊन एकेक काटा काढला होता. मनीकडे बघितलं, तर ती भिंतीवर, चिमणी केव्हाच उडून गेलेली.

“अर्धी माझी, मामंजी,” मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला, कागद तपासताना करत तसा.

“बरं. अर्धी तुझी,” ते म्हणाले. मग म्हणाले, “चहा टाकतेस?”

मी उठून चहा टाकला आणि कप त्यांच्या हातात दिला.